११८० ला १५२० ने भागू नका

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मुलगा अकरावीत आहे. ऑक्टोबरच्या पीएसएटीत, म्हणजे कॉलेज-प्रवेशाच्या एसएटी परीक्षेआधीच्या सराव परीक्षेत, त्याला ११८० मिळाले. गणितात ६४०, इंग्रजी वाचन-लेखनात ५४०. मिस्टर पुण्याचे इंजिनिअर. ते म्हणतात, १५२० पैकी ११८० म्हणजे जेमतेम ७७ टक्के, आता वर्षभर क्लास, बाकी सगळं बंद. मुलगा म्हणतो एसएटी ऐच्छिक आहे, मी देतच नाही. घरात आम्ही मराठी बोलतो, त्यामुळे त्याचं इंग्रजी मागे पडलं का?

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तोच तुम्हाला टोचतोय. नाही. मराठी बोलणं कृपा करून थांबवू नका. या परीक्षेत उतारे २५ ते १५० शब्दांचे असतात आणि प्रत्येकावर एकच प्रश्न. त्यातले बरेच प्रश्न स्वल्पविराम, अर्धविराम, दोन वाक्यांना जोडणारा नेमका शब्द यांवर असतात. हे नियम अमेरिकेत जन्मलेल्या मुलांनाही बसून शिकावे लागतात, आणि दोन-तीन महिन्यांत येतात. निकालपत्रात वाचन-लेखनाचे चार भाग वेगळे दाखवलेले असतात. तो कुठे अडला ते आधी तिथे बघा.

आता टक्के. पीएसएटीची मोजपट्टी शून्यापासून नाही, ३२० पासून सुरू होते. म्हणून भागाकार करून हाती काहीच लागत नाही. पीएसएटी आणि एसएटीची पट्टी एकच आहे, म्हणजे त्या दिवशी एसएटी दिली असती तर साधारण ११८० च्या आसपासच आले असते. देशाची सरासरी हजाराच्या थोडी वर असते. मुलगा नापास झालेला नाही, हे मिस्टरांना शांतपणे सांगा. त्यांची भीती मी समजू शकते. आपल्याकडे बारावीच्या दोन-चार गुणांनी कॉलेज बदलायचं. इथे मात्र बहुतेक कॉलेजं आधी चार वर्षांची शाळेची गुणपत्रिका वाचतात. क्लासपायी अकरावीचे ग्रेड घसरले तर तो तोटा एसएटी भरून काढणार नाही. त्याचं खेळणं, वाजवणं, जे काही असेल तेही बंद करू नका.

मुलाचं म्हणणं अर्धं खरं आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाची कॉलेजं प्रवेशासाठी एसएटीकडे बघतच नाहीत आणि पुष्कळ ठिकाणी ती ऐच्छिक आहे. पण एमआयटीने २०२२ मध्ये ती पुन्हा सक्तीची केली; २०२४ मध्ये डार्टमथ, ब्राऊन, हार्वर्डनेही तसंच जाहीर केलं. तेव्हा आधी कॉलेजांची यादी करा. तिथे प्रवेश मिळालेल्या मुलांचे गुण बहुतेक कॉलेजं प्रसिद्ध करतात. आपला आकडा त्यांच्या मधल्या निम्म्या मुलांच्या पट्ट्यात बसला तर पाठवायचा, त्याच्या बराच खाली असेल तर ऐच्छिक ठिकाणी पाठवायचा नाही.

महागडे क्लास आत्ता नकोत. एका शनिवारी सकाळी ब्लूबुक या एसएटीच्या अधिकृत ॲपवर पूर्ण सराव परीक्षा द्यायला लावा, फुकट आहे. पुढच्या शनिवारी एसीटीचीही एक; ती एसएटीऐवजी चालणारी दुसरी प्रवेश परीक्षा. २०२५ पासून एसीटीत विज्ञान ऐच्छिक झालं आहे. ज्यात त्याला मोकळं वाटेल ती एकच परीक्षा धरायची. एसएटी निवडली तर खान अकॅडमी या मोफत संकेतस्थळावर आठवड्याला तीन-चार तास पुरेत. त्याला एक गोष्ट आवर्जून सांगा : प्रत्येक विषयाचे दोन टप्पे असतात आणि पहिला कसा गेला त्यावर दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते. पहिल्या टप्प्यात घाईने सोपे प्रश्न घालवले, की दुसरा टप्पा सोपा येतो आणि गुणांवर वरून झाकण बसतं. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही.

पहिली एसएटी मे किंवा जूनमध्ये, गरज पडली तर दुसरी ऑगस्टमध्ये. प्रत्येक विषयाचे दोन्ही वेळांतले चांगले गुण घेऊन बेरीज धरणारी कॉलेजं बरीच आहेत. तिसरी वेळ शक्यतो टाळा. बारावीच्या त्या दिवसांत त्याला निबंध लिहायचे असतील आणि लवकरच्या अर्जांची मुदत बऱ्याच ठिकाणी १ नोव्हेंबरला संपते.

सराव परीक्षेचे निकाल आले की मला कळवा, दोन्ही विषयांचे वेगवेगळे. आणि या वेळी पत्र मुलाला लिहू द्या.