पीक विमा काढला तर विश्वास कमी झाला का?

प्रश्न: भाऊ, जय ख्रिस्त. चार एकर कोरडवाहू हाय, कापूस अन् तूर. आमच्या प्रार्थनेत एक जण सांगते का विमा काढणं म्हणजे देवावर भरोसा नाही, तेच पैसे दानात टाका, शंभरपट भेटते. घरची म्हणते विमा काढा. काय करू? (एक शेतकरी, यवतमाळ जिल्हा)

उत्तर: भाऊ, वहिनींचं ऐका. शंभरपटवालं वचन बायबलात मार्क १० मधलं आहे, पण ते येशूसाठी घरदार, शेत सोडणाऱ्यांबद्दल आहे, आणि तिथेच 'छळणुकीसह' असंही लिहिलंय, तेवढं मात्र कोणी वाचून दाखवत नाही! दान द्याच, पण खुशीनं, व्याजाच्या हिशोबानं नाही.

लूक १२ च्या दाखल्यात मोठी कोठारं बांधायला निघालेल्या श्रीमंताला देव मूर्ख म्हणाला, ते कोठारं होती म्हणून नाही. पीक भरपूर आलं तरी गडी फक्त स्वतःशीच बोलत बसला, खा, पी, मजा कर, त्यात ना देव ना शेजारी. उलट बायबलातल्याच योसेफानं मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, सुकाळाच्या सात वर्षांत धान्याचा पाचवा हिस्सा साठवायला लावला, अन् दुष्काळात त्याच्यावर लोक जगले. त्याला कोण अविश्वासी म्हणते?

पंतप्रधान पीक विम्यात कापसाला शेतकऱ्याचा हप्ता विमा रकमेच्या जास्तीत जास्त ५ टक्के असतो, पण क्लेम मिळेलच असं धरून सावकाराकडून उचल करू नका, तिथं मग भरोसा विम्यावर गेला ना. भाव पडला की झोप उडते, शेजाऱ्याला बियाण्यापुरते पैसे द्यायला हात आखडतो, हे होत असेल तर त्यासाठी प्रार्थना करा. आणि सातबारा, बँक पासबुक घेऊन शेवटच्या तारखेआधी सेतू केंद्रात जाऊन या, तिथं लाईन लय असते.