प्रार्थना करूनही बालपणीचा राग जात नसेल, तर विश्वास कमी पडतो असे समजावे का?

तुम्ही लिहिले आहे की, दारूच्या नशेत मारणाऱ्या वडिलांच्या घरात तुमचे बालपण गेले, आता तुम्ही मनापासून ख्रिस्ती श्रद्धेने जगता, रोज प्रार्थना करता, तरीही राग आणि धास्ती जात नाही. एका प्रार्थनासभेत तर तुमचा विश्वासच कमी आहे असे तुम्हाला सांगण्यात आले. वडील आता आजारी आहेत आणि त्यांना भेटायला जावे की नाही, हेही तुम्ही विचारले आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधीच देते: नाही, तुमचा विश्वास कमी नाही. तो राग देवापुढे आहे तसा मांडता येणे, हाच माझ्या मते विश्वासाचा फार मोठा भाग आहे, आणि मला बरे वाटू लागले तेही तिथूनच.

मी गोव्यातल्या बार्देश तालुक्यातल्या एका कॅथलिक घरात वाढले. आई सावंतवाडीकडची आणि माझी प्राथमिक शाळा मराठी, त्यामुळे मीस (चर्चमधली मुख्य उपासना) आणि तेर्स (जपमाळेची प्रार्थना) कोकणीत, तर वाचन मराठीत, अशी माझी घडण झाली. ज्या घरात मार होता त्याच घरात देवही होता, ही माझी खरी अडचण होती. संध्याकाळी आल्तारापुढे, म्हणजे घरातल्या वेदीपुढे, गुडघे टेकून तेर्स सुरू करणारे वडीलच असत, आणि त्यांचा आवाज चांगला होता. मे महिन्यात वाड्यावरच्या खुरसाकडे, म्हणजे क्रुसाकडे, लादीन ही सामुदायिक प्रार्थना संपली की उकडलेले चणे वाटले जात आणि मोठ्यांना फेणी दिली जाई. बाकीची मुले चण्यांसाठी धावत. माझी नजर वडिलांच्या हातातल्या पेल्यावर असे, कारण तो कितीदा भरला जातो यावरून पुढची रात्र कशी जाणार ते कळे. अशा घरातून आलेल्या माणसाला देव हा पिता आहे असे सांगितले की त्याच्या डोळ्यांसमोर कोण उभे राहते, याचा विचार उपदेश करणाऱ्यांनी जरूर करावा. मला कित्येक वर्षे 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' अशी सुरू होणारी, प्रभूने शिकवलेली प्रार्थना ओठांनी म्हणता येत होती, मनाने येत नव्हती.

मला वाट सापडली ती विलापात. गोव्यात गुड फ्रायडेच्या मिरवणुकीत वेरोनिका, म्हणजे क्रूस वाहणाऱ्या येशूचा चेहरा पुसणारी परंपरेतली स्त्री, गाते, हे तुम्ही पाहिले असेल. एक मुलगी सर्वांना दिसेल अशी उभी राहते, ख्रिस्ताचा चेहरा उमटलेले कापड सावकाश उलगडत जाते आणि लॅटिनमध्ये बायबलमधल्या विलापगीत या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातली ओळ गाते: वाटेने जाणाऱ्यांनो, थांबा आणि पाहा, माझ्या दुःखासारखे दुःख कुठे आहे का. सगळे गाव उभे राहून ते ऐकते. तिला कोणी गप्प बसवत नाही, देवाचे आभार मान असे सांगत नाही. दुःखाला असा जाहीर आवाज देणारी परंपरा आपल्याकडे असताना, मार खाल्लेल्या मुलाला मात्र 'विसरून जा' एवढेच सांगितले जाते, याचे मला आजही वाईट वाटते.

पुढे मी मराठी पवित्र शास्त्रातली स्तोत्रे क्रमाने वाचायला घेतली. दीडशे स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत, हे तोवर मला कोणी सांगितले नव्हते. तेरावे स्तोत्र देवालाच विचारते की तू मला कुठवर विसरणार. पंचावन्नाव्यात गाणारा म्हणतो की शत्रूने हे केले असते तर सोसले असते, पण हे करणारा माझ्या जवळचा होता. घरच्याच माणसाकडून दुखावलेल्याला याहून नेमके काय सांगायचे असते? अठ्ठ्याऐंशीवे तर अंधारातच संपते, शेवटी दिलाशाची एकही ओळ नाही, तरीही ते धर्मग्रंथात आहे आणि शतकानुशतके प्रार्थना म्हणून म्हटले जाते. सत्ताविसाव्यात, आईबापांनी टाकले तरी परमेश्वर जवळ करील, असे म्हटले आहे. आईबाप टाकतही असतात, हे शास्त्र मान्य करते, एवढ्यानेच मला पुष्कळ मोकळे वाटले. दुपारी चर्चमध्ये कोणी नसे तेव्हा मी शेवटच्या बाकावर बसून एक स्तोत्र वाचत असे आणि मग स्वतःच्या शब्दांत, जे घडले ते नावानिशी देवाला सांगत असे. त्या सांगण्यात शिव्याशाप असत, रडणे असे, कधी नुसते बसणे असे. आतला ताण कमी होत गेला तो फार सावकाश, आणि अधूनमधून पुन्हा वाढतही गेला.

राग हे पाप आहे या समजुतीने मी प्रत्येक कुमसारात, म्हणजे पाद्रींपुढच्या पापकबुलीत, तेच सांगत असे. एका वृद्ध पाद्रींनी मला थांबवून सांगितले की जे दुसऱ्याने केले त्याची क्षमा मला मागायची नाही, आणि हे बोलायचे असेल तर कुमसाराबाहेर, वेळ काढून बोलू. त्यांनी दोन वचने दाखवली. प्रेषित पौलाने इफिस शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिले आहे, 'रागावा, परंतु पाप करू नका'. आणि मत्तयाच्या अठराव्या अध्यायात येशू म्हणतो की लहानग्यांना अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवणे बरे. मुलांवर अन्याय करणाऱ्यांबद्दल येशू इतक्या कठोरपणे बोलला आहे, म्हणजे त्या अन्यायाबद्दल तुम्हाला येणारा राग त्याला परका असणार नाही.

देव पिता आहे हे मला कळले ते मात्र कोणत्याही युक्तिवादाने नव्हे. ते माझ्या मादिनीमुळे, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळच्या धर्ममातेमुळे. वाईट रात्रीनंतर मी तिच्याकडे जात असे. ती काही विचारत नसे. पेज आणि भाजलेला सुका बांगडा पुढे ठेवी, माझे केस विंचरी आणि जाताना दार उघडेच असेल एवढे सांगे. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्ममातापित्यांनी घेतलेली जबाबदारी आपल्याकडे बहुतेक वेळा फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या सणाच्या, भेटवस्तूंपुरती उरते, पण तिने ती खरी मानली. तुमच्या आयुष्यात असे एखादे माणूस असेल तर त्याची आठवण प्रार्थनेत मुद्दाम काढा. देवाची ओळख वडिलांच्या चेहऱ्यावरूनच करून घेतली पाहिजे असा काही नियम नाही.

क्षमेबद्दल तुमच्यावर सर्वाधिक दडपण असणार. कॅथलिक धर्मशिक्षण-ग्रंथाचा २८४३ क्रमांकाचा परिच्छेद मिळवून वाचा. झालेला अपराध न जाणवणे किंवा विसरणे आपल्या हातात नसते, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. पवित्र आत्म्याला स्वाधीन केलेले हृदय जखमेचे करुणेत आणि प्रार्थनेत रूपांतर करते, एवढाच त्याचा आग्रह आहे. म्हणजे, आठवते म्हणून क्षमा झाली नाही, हा हिशेब चर्चचा नव्हे. आज जेवढे जमते तेवढे करावे. वडिलांसाठी प्रार्थना जमत नसेल तर ती जमावी अशी प्रार्थना करावी.

आता धास्तीबद्दल. गेटची कडी वाजली की छातीत धडधडणे, रात्री दचकून उठणे, मोठ्या आवाजाने अंग गोठणे, या गोष्टी शरीरात बसलेल्या असतात. अमेरिकेत सुमारे साडेनऊ हजार प्रौढांच्या पाहणीवर आधारलेला अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि बालपणीच्या छळाचा संबंध मोठेपणीच्या नैराश्याशी, व्यसनांशी, अगदी हृदयविकाराशीही कसा असतो, ते त्यातून पुढे आले. हे विश्वास कमी असल्याचे लक्षण नव्हे, आणि निव्वळ निर्धाराने ते जाईलच असेही नव्हे. मी समुपदेशन घेतले, काही काळ औषधेही घेतली, आणि त्यामुळे माझी प्रार्थना सुधारली, कारण झोप मिळू लागली. कॅथलिक बायबलमधल्या सिराखच्या पुस्तकाचा ३८वा अध्याय सांगतो की आजारात प्रार्थना कर आणि वैद्यालाही त्याची जागा दे, कारण त्यालाही देवानेच निर्माण केले आहे. गोव्यात बांबोळीला मानसोपचार संस्थेचे सरकारी रुग्णालय आहे, १९९६ पासून काम करणारी 'संगत' ही संस्था आहे, आणि १४४१६ या 'टेली मानस' क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य बोलता येते. मन फारच खचले, जीव नकोसा वाटला, तर पुढच्या रविवारच्या मिसाची वाट न पाहता त्याच क्षणी फोन करा. औषधे सोडून केवळ प्रार्थनेवर राहा असे कोणी सांगितले तर, ती व्यक्ती कितीही भक्तिमान असो, ऐकू नका.

राहिला वडिलांना भेटण्याचा प्रश्न. मातापित्यांचा मान राख, ही आज्ञा तुम्हाला कोणीतरी ऐकवलीच असेल. त्यांना उत्पत्तीच्या पुस्तकातला योसेफ दाखवा. भावांनी त्याला विकले होते. दुष्काळात ते मिसरात धान्य मागायला आले तेव्हा त्याने त्यांना ओळखले, पण स्वतःची ओळख दिली नाही. तो बाजूला जाऊन रडला, त्याने त्यांची परीक्षा घेतली, आणि धाकटा भाऊ बन्यामीन याच्याऐवजी मला गुलाम करून ठेव असे त्या भावांपैकी यहूदा म्हणाला, ते ऐकल्यावरच त्याने आपण कोण हे सांगितले. या साऱ्या काळात धान्य मात्र त्याने कधी अडवले नाही. तेव्हा मदत करणे आणि जवळ जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुम्हाला पहिली आज करता येईल, दुसरी कदाचित पुढे.

जायचे ठरवलेत तर दिवसा जा, विश्वासाचे माणूस सोबत न्या, निघण्याची वेळ आधीच ठरवा, आणि ते माफी मागतील अशी अपेक्षा धरून जाऊ नका. माझ्या वडिलांनी मागितली नाही. ते प्यायलेले असतील तर दारातून परत फिरायला संकोच करू नका. जाणे झेपणार नसेल तर औषधाचा खर्च नातेवाइकामार्फत द्या आणि त्यांच्या गावच्या चर्चच्या पाद्रींना आजारी माणूस घरी आहे असे कळवा. पाद्री घरी जाऊन वडिलांना रुग्णाभ्यंगाचा, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावून प्रार्थना करण्याचा, संस्कार देतील, आणि त्यासाठी तुम्ही तिथे हजर असण्याची गरज नाही.