प्राणीसंग्रहालयांचा स्थानिक झाडं आणि कीटक वाचवायला खरंच काही उपयोग होतो का?

तुम्ही विचारलंय की वाघ-सिंह दाखवण्यापलीकडे प्राणीसंग्रहालयं आपल्या भागातल्या वनस्पती आणि कीटकांसाठी काही करतात का, की ‘संवर्धन’ हा शब्द नुसता फाटकावरच्या पाटीपुरता असतो. उपयोग होतो, आणि आज होतोय त्याच्या कितीतरी पट होऊ शकतो. मी वनस्पतिशास्त्र शिकवते, विद्यार्थ्यांना घेऊन भायखळ्याच्या राणीच्या बागेत जाते, त्यामुळे माझं उत्तर झाडापासून सुरू होतं. कीटक वाचवायचा तर आधी त्याचं झाड वाचवावं लागतं.

याचं मला सगळ्यांत पटलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. ओरेगन राज्याच्या किनाऱ्यालगतच्या गवताळ टेकड्यांवर सिल्व्हरस्पॉट नावाचं फुलपाखरू असतं. त्याच्या अळ्या तिथल्या एका रानव्हायोलेटच्या पानांवर वाढतात. टेकड्यांवर झुडपं आणि बाहेरून आलेलं गवत माजलं, व्हायोलेट त्याखाली दबलं आणि फुलपाखरू संपत आलं. १९९९ पासून पोर्टलंड आणि सिएटल इथल्या प्राणीसंग्रहालयांनी हे काम अंगावर घेतलं. टेकडीवरून माद्या आणायच्या, त्यांची अंडी मिळवायची, इवल्या अळ्या हिवाळाभर थंडीत निजवून ठेवायच्या, मग पानं खाऊ घालून वाढवायच्या आणि पुन्हा त्याच टेकड्यांवर नेऊन सोडायच्या. त्या अळ्यांच्या तोंडी घालायला व्हायोलेटची रोपं तिथले माळी वाढवतात. माळी नसता तर कीटकतज्ज्ञाला एक अळीसुद्धा जगवता आली नसती.

दुसरं उदाहरण ऑस्ट्रेलियाचं. लॉर्ड हाउ बेटावर १९१८ मध्ये एक जहाज खडकाला लागलं, त्यातून उंदीर उतरले, आणि हाताएवढा काडीकिडा काही वर्षांत बेटावरून नाहीसा झाला. २००१ मध्ये जवळच्या एका उघड्याबोडक्या सुळक्यावर, एकाच झुडपाखाली, तो पुन्हा सापडला. २००३ मध्ये त्यातली एक जोडी मेलबर्नच्या प्राणीसंग्रहालयात आली. मादी मरायला टेकली होती, तर तिथल्या माणसाने मकरंद आणि कॅल्शियमचं मिश्रण थेंबाथेंबाने पाजून तिला जगवलं. पुढे तिथे हजारो काडीकिडे जन्मले. पण बेटावर उंदीर असेपर्यंत त्यांना परत पाठवण्यात अर्थ नव्हता. उंदरांवरची मोठी मोहीम निघाली ती २०१९ मध्ये.

आता आपल्याकडे. राणीची बाग १८६२ मध्ये उघडली ती वनस्पती उद्यान म्हणून, प्राणी नंतर आले. आज गर्दी पेंग्विनकडे जाते, पण मुंबईच्या मधोमध एवढी जुनी झाडं एकत्र दुसरीकडे क्वचितच मिळतील. तरी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी: तिथली नावाजलेली बरीच झाडं परदेशी आहेत. गोरखचिंच आफ्रिकेची, कैलासपती दक्षिण अमेरिकेचा, उर्वशी म्यानमारची. ती जपलीच पाहिजेत, पण आपल्या अळ्यांची पोटं करंज, बोर, रुई, माकडलिंबू, सापसंद असल्या साध्या झाडा-वेलींवर भरतात, आणि बाग सजवताना नेमकी हीच उपटली जातात.

बांडगुळाचंच घ्या. आंब्यावर बांडगूळ दिसलं की ते छाटायचं, हे प्रत्येक माळ्याला शिकवलेलं असतं, आणि झाड वाचवण्याच्या दृष्टीने ते चूक नाही. पण हळदीकुंकू नावाचं फुलपाखरू अंडी घालतं ती त्याच बांडगुळाच्या पानांवर, एका ठिकाणी शिस्तीत मांडून. अळ्या घोळक्याने पान कुरतडतात, आणि फांदी हलली की रेशमाच्या धाग्याला लोंबकळतात. बांडगुळाच्या फुलांवर शिंजीर आणि फळांवर फुलटोच्या हे चिमुकले पक्षी येतात. शेतकऱ्याने आमराईत बांडगूळ का ठेवावं? त्याचं नुकसान आहे. प्राणीसंग्रहालयाला आंबे विकायचे नसतात, त्यामुळे दोन-चार मोठ्या झाडांवर ते राहू देणं त्यालाच परवडतं.

महाराष्ट्राने २०१५ मध्ये नीलवंत, म्हणजे ब्लू मॉरमॉन, हे राज्य फुलपाखरू ठरवलं. असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य. त्याची लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाल्यावर हिरवी होते. ती लिंबू-संत्र्याच्या कुळातल्या झाडांवर राहते. पान कुरतडलेलं दिसलं की फवारणी करणाऱ्या बागेत नीलवंताचं चित्र फलकावर लावून काय साधणार? बंगळुरूच्या बन्नेरघट्टा उद्यानात २००६ पासून फुलपाखरांसाठी छत घातलेलं दालन आहे. मुलांना फुलपाखरू जवळून दिसावं म्हणून असं दालन चांगलंच, पण बाहेरच्या मोकळ्या आवारात अळीची झाडं लावली तर फुलपाखरं आपणहून येतात आणि अंडीही घालतात. माझं मत विचाराल तर पैसा आधी त्या झाडांवर खर्च व्हावा.

शेणाकडे तर कुणाचंच लक्ष जात नाही. हरणं, गवे, हत्ती रोज शेण-लेंड्या टाकतात, आणि शेणकिडे ते मातीत नेऊन पुरतात. पण जनावरांना आयव्हरमेक्टिनसारखं जंतनाशक दिलं की ते शेणातून बाहेर पडतं आणि शेणकिड्यांच्या अळ्यांना मारतं. औषध थांबवा असं मी म्हणत नाही. औषध दिलेल्या दिवसांतलं शेण वेगळं ठेवता येईल. पाल्याचंही तसंच. काजव्याची अळी ओलसर पाचोळ्यात गोगलगायी खाऊन वाढते, आणि आपण रोज सकाळी खराट्याने आवार लख्ख करतो. रस्ते झाडावेत, पण कुंपणालगतचा पट्टा तरी तसाच सोडावा.

दुर्मीळ वनस्पतींच्या बाबतीत मात्र प्राणीसंग्रहालयाकडून फार मोठी अपेक्षा मी ठेवत नाही. सह्याद्रीतल्या कंदीलपुष्पांचं काम कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात झालंय, आणि ते तिथेच व्हावं. त्या फुलाच्या नळीत खाली वळलेले केस असतात. चिलटाएवढी माशी आत शिरते, अडकते, केस मलूल झाले की परागकण घेऊन सुटते. अशी रोपं विद्यापीठाकडून घेऊन लोकांसमोर मांडणं, शेजारी त्या माशीची गोष्ट सांगणं, हे काम प्राणीसंग्रहालय उत्तम करू शकतं. एका रविवारी तिथे जेवढी माणसं येतात तेवढी वनस्पती उद्यानात वर्षभरातही फिरकत नसतील.

तुम्ही पुण्यात असाल तर कात्रजला, मुंबईत असाल तर राणीच्या बागेत, पाऊस ओसरल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरात जा. पानं उलटून बघा, पण तोडू नका. दिसलेल्या अळीचा झाडासकट फोटो काढून आयनॅचरलिस्ट या निसर्गनिरीक्षणं नोंदवायच्या संकेतस्थळावर टाका. आणि उद्यान कार्यालयात तीन प्रश्न लेखी विचारा: फवारणी कशाची आणि कधी होते, पाला कुठे जातो, आणि यंदा लावलेल्या रोपांत देशी किती.