अमेरिकेच्या आर्मीत व्हेट व्हायचंय? मग आधी हे वाच

तू विचारलंस की ताई, बीव्हीएससी (जनावरांच्या डॉक्टरची पदवी) संपत आलंय, अमेरिकेत जाऊन तिथल्या आर्मीत कुत्र्यांसोबत काम करायचंय, तर व्हिसा आर्मीच करून देते का. नाही देत, मी स्वतः इथे अमेरिकेत आर्मीची व्हेट आहे म्हणून सांगते. ॲक्टिव्ह ड्युटीवर (पूर्णवेळ सैन्यात) व्हेट ऑफिसर व्हायला अमेरिकन नागरिकत्व लागतंच. परदेशी लोकांना भरती करून घेणारी मावनी नावाची एक स्कीम होती पण तिची भरती २०१६ मध्येच थांबली, त्यामुळे कोणी अजून तिचं नाव घेत असेल तर त्याच्या नादी लागू नकोस.

म्हणजे क्रम असा की आधी इथे साधा व्हेट म्हणून पाय रोवायचे, मग ग्रीन कार्ड, मग नागरिकत्व आणि मग आर्मी. आपल्याकडची कॉलेजेस इथल्या एव्हीएमएच्या (व्हेट डॉक्टरांच्या संघटनेच्या) मान्यता यादीत नाहीत म्हणून ईसीएफव्हीजी, म्हणजे परदेशात शिकलेल्या व्हेटसाठीचं प्रमाणपत्र, करावं लागतं (पेव्ह हाही एक पर्याय आहे, त्यात शेवटी इथल्या कॉलेजात वर्षभर क्लिनिकल काम करावं लागतं). ईसीएफव्हीजीमध्ये आधी इंग्रजीची परीक्षा, मग २२५ प्रश्नांची बीसीएसई ही लेखी परीक्षा, आणि मग सीपीई ही प्रत्यक्ष कामाची परीक्षा, जी खरी कस लावते. तीन दिवस, सात विभाग: भूल, सर्जरी, घोडे, गाईगुरं, शवविच्छेदन, एक्स-रे आणि स्मॉल ॲनिमल मेडिसिन. सर्जरीत परीक्षक शेजारी उभे असताना कुत्रीचं स्पे (नसबंदीचं ऑपरेशन) करायचं असतं आणि ते नुसतं टाके बघत नाहीत, तू हात कसे धुतोस, ग्लोव्हज घालताना कुठे हात लागतो, सगळं बघतात. म्हणून सांगते, आत्ता इंटर्नशिपमध्ये जेवढे स्पे स्वतःच्या हाताने करता येतील तेवढे कर, सर पुढे आणि आपण मागे बघत उभे असं करू नकोस. घोड्याला हात लावायची संधीही शोध, आपल्याकडे तिथेच लोक कच्चे राहतात. याशिवाय ३६० प्रश्नांची नॅव्हली ही लायसन्सची परीक्षा आणि राज्याचं लायसन्स आहेच.

परीक्षा अभ्यासाने निघतात रे, ग्रीन कार्डचं तसं नाही. नोकरीवरून मिळणाऱ्या ग्रीन कार्डात एका देशाच्या वाट्याला साधारण ७ टक्केच येतात, त्यामुळे भारतात जन्मलेल्यांची रांग भयंकर लांब आहे. कार्ड हातात आल्यावर नागरिकत्वाला आणखी पाच वर्षं, नवरा किंवा बायको अमेरिकन असेल तर तीन. ग्रीन कार्डवर शिपाई म्हणून भरती होता येतं, नागरिकत्वही मग लवकर मिळू शकतं आणि पुढे ऑफिसरसाठी अर्ज करता येतो, पण मधली वर्षं डॉक्टर असून डॉक्टरचं काम न करता काढावी लागतात. मला स्वतःला तो मार्ग पटला नाही.

आता कामाबद्दल, कारण तुझ्या डोक्यात फक्त कुत्रे आहेत. इथली व्हेटर्नरी कोअर १९१६ ची, त्या काळात घोडे आणि खेचरं होती, पण अन्नाची तपासणी तेव्हापासून आजपर्यंत सुटलेली नाही. नेव्ही आणि एअर फोर्सचं व्हेटर्नरी कामही आर्मीच बघते. कॅप्टन म्हणून घेतात, सॅन अँटोनिओला ट्रेनिंग होतं आणि मग जिथे पाठवतील तिथे. जवानांच्या ताटात जे जातं ते कुठल्या कारखान्यातून येतं, तिथे स्वच्छता कशी आहे, हे आम्ही जाऊन बघतो. फ्रोजन चिकनचा ट्रक आला की दार उघडायच्या आधी सीलचा नंबर कागदाशी जुळवायचा, मग दोन खोक्यांच्या मध्ये थर्मामीटरचा प्रोब सरकवून आकडा थांबेपर्यंत उभं राहायचं, आणि तापमान बसत नसेल तर ट्रक अडवायचा, मग समोरचा कितीही वैतागू दे. मला हे काम मनापासून आवडतं, एक ट्रक अडवला तर शेकडो जवान आजारी पडायचे वाचतात. पण ज्याला फक्त क्लिनिक हवंय तो इथे कंटाळेल. बाकी वेळ जवानांच्या घरची कुत्री-मांजरं, बदली झाली की त्यांची रेबीजची आणि प्रवासाची कागदपत्रं.

आणि हो, कुत्रे आहेतच. मॅलिनॉय, जर्मन शेफर्ड, लॅब्रॉडॉर. मझल (तोंडाची जाळी) हँडलरच, म्हणजे कुत्रा सांभाळणारा जवानच घालतो, डोकं तोच धरतो, आणि तो मान हलवेपर्यंत आपण हात लावायचा नाही. चावून चावून सुळे तुटतात, उन्हात काम करून उष्माघात होतो, पोट फुगून पीळ पडू नये म्हणून मोठ्या कुत्र्यांचं पोट आधीच ऑपरेशन करून आतल्या भिंतीला टाचून ठेवतात. सॅन अँटोनिओच्या लॅकलंड तळावर त्यांच्यासाठी मोठं हॉस्पिटल आहे. आपण जवळ नसताना कुत्र्याला गोळी लागली तर पहिला उपचार हँडलरलाच करायचा असतो, त्यामुळे त्यांना शिकवणं हा आमच्या कामाचा फार महत्त्वाचा भाग आहे आणि त्यात मी कधी घाई करत नाही.

आता माझं स्पष्ट मत. तुला आर्मी हवीय की अमेरिका हे आधी ठरव. आर्मी हवी असेल तर आपल्या भारतीय सैन्याची रिमाउंट व्हेटर्नरी कोअर समोर आहे, १७७९ पासूनची, केंद्र मेरठला. शॉर्ट सर्व्हिस कमिशन, वयाची मर्यादा ३२, सुरुवातीला पाच वर्षं आणि पुढे वाढवता येतात. डोंगरातल्या चौक्यांवर सामान नेणारी खेचरं आहेत, कुत्रे आहेत, झूम या सैन्याच्या कुत्र्याचं नाव तू ऐकलंच असशील, २०२२ मध्ये काश्मीरच्या चकमकीत गोळ्या लागून गेला तो. तुला जे करायचंय ते तिथे लगेच मिळतं, इथे त्यासाठी दहा-पंधरा वर्षं सहज जातील. आधी तिथे जाऊन नंतर इकडे यायचा विचार असेल तर दुसऱ्या देशाच्या सैन्यातली नोकरी व्हिसाच्या फॉर्मपासून सगळीकडे लिहावी लागते आणि त्यावर प्रश्न येतात हे धरून चाल.

आणि इथली शपथ घेतली की भारताचा पासपोर्ट परत करावा लागतो, आणि परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड परदेशी सैन्यात असलेल्यांना किंवा तिथून निवृत्त झालेल्यांना मिळत नाही. सिक्युरिटी क्लिअरन्ससाठी भारतातल्या आईवडिलांची, भावंडांची माहिती द्यावी लागते. घरी हे आत्ताच मोकळेपणाने बोलून घे, त्यांना नंतर कागदावरून कळू देऊ नकोस.

हे सगळं ऐकूनही इकडेच यायचं असेल तर कॉलेज सोडण्याआधी ट्रान्स्क्रिप्टच्या जास्तीच्या सीलबंद प्रती काढून ठेव आणि इंग्रजीच्या परीक्षेची तयारी सुरू कर. घोड्यांचं काम कुठे शिकायला मिळेल याची चौकशी केलीस की मला लिही, त्या विभागाची तयारी कशी करायची ते सविस्तर सांगते.