निर्गुडीच्या पाल्याने दुखणं, सूज आणि ताप खरंच उतरतो का? प्रयोगशाळेत हे तपासतात कसं?

तुम्ही लिहिलंय की दारव्ह्याकडच्या तुमच्या गावी आजी गुडघ्याला निर्गुडीचा पाला बांधतात, ताप आला की काढाही देतात, आणि तुम्हाला बी.एस्सी.च्या प्रकल्पात हे तपासायचंय. मीही यवतमाळ जिल्ह्यातलाच. आमच्या वावराच्या धुऱ्यावर निर्गुडी होती. कापूस वेचून माय घरी आली की तव्यावर पाला गरम करून कंबरेला बांधायची.

पुढे औषधनिर्माणशास्त्र शिकायला नागपूरला गेलो तेव्हा हाच पाला प्रयोगशाळेत भेटला. माय तो बाहेरून बांधायची आणि आम्ही अल्कोहोलमध्ये काढलेला अर्क उंदरांना तोंडातून पाजत होतो. नाव एकच, औषध मात्र दोन. त्यामुळे ‘निर्गुडी सिद्ध झाली’ असं कुठे वाचलंत तर पहिल्यांदा हे बघा: सिद्ध झालं ते काढ्याबद्दल, अर्काबद्दल की शेकाबद्दल?

दुखणं, सूज आणि ताप एकत्र तपासतात याला कारण आहे. तिन्हींत प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यांचा हात असतो. अ‍ॅस्पिरिन त्यांची निर्मिती रोखतं, हे ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं. पण परीक्षा तिघांची वेगवेगळी.

सुजेसाठी उंदराच्या मागच्या पंजात कॅराजीनन टोचतात. लाल समुद्री शेवाळातून मिळणारा हा पदार्थ. पंजा सुजतो, आणि पुढचे पाच-सहा तास त्याचं आकारमान मोजत राहतात. सुरुवातीची सूज मुख्यतः हिस्टामिन आणि सेरोटोनिन या शरीरातल्याच द्रव्यांमुळे, नंतरची प्रोस्टाग्लँडिनमुळे. म्हणून तिसऱ्या तासाचा आकडा फार बोलका असतो. एका गटाला अर्क, एकाला माहीत असलेलं औषध, एकाला नुसतं द्रावण. मोजणाऱ्याला कुठला उंदीर कुठल्या गटातला हे ठाऊक नसावं. हाताखालचा आकडा आपल्या इच्छेकडे कसा सरकतो, ते मी स्वतः अनुभवलंय.

दुखण्याच्या परीक्षेत फसगत जास्त होते. लहान जातीच्या उंदरांच्या (माइस) पोटात सौम्य अ‍ॅसिटिक आम्ल टोचून ते किती वेळा आळोखेपिळोखे देतात ते मोजतात, किंवा साधारण ५५ अंशांच्या तव्यावर ठेवून पाय चाटायला किती सेकंद लागतात ते बघतात. भाजू नये म्हणून ठरलेल्या सेकंदांना उचलतात. पण अर्काने उंदराला गुंगी आली असेल तर? तो उशिरा हलेल आणि आपण म्हणू वेदना कमी झाली. म्हणून फिरत्या दांड्यावर तो तोल सांभाळतो का, हेही तपासावं लागतं. ही पायरी गाळलेले निष्कर्ष मी मान्य करत नाही.

तापासाठी यीस्ट त्वचेखाली टोचतात, साधारण १८ तासांनी ताप चढतो, मग अर्क देऊन दर तासाला तापमान घेतात. इथे मला कळकळीने सांगायचंय: ताप उतरला म्हणजे आजार गेला असं नाही. आपल्याकडे पावसाळ्यात मलेरिया, डेंग्यू, स्क्रब टायफस असतात. काढ्याने अंग थंड झालं आणि रक्ततपासणी लांबली, तर ते जिवावर बेतू शकतं. लहान मुलाचे हातपाय सुजून दुखत असतील तर सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणीही करा, विदर्भात तो बराच आढळतो.

मात्रेचंही बघा. मोठ्या जातीच्या उंदराला (रॅट) दर किलो वजनामागे २०० मिलिग्रॅम दिले तर रूढ हिशेबाने माणसासाठी ६.२ ने भागायचं, म्हणजे सुमारे ३२. साठ किलोच्या माणसाला जवळपास दोन ग्रॅम अर्क. सुक्या पाल्यातून दहा टक्के अर्क निघाला असं धरलं, तरी रोज वीसेक ग्रॅम वाळलेला पाला. आजींच्या काढ्यात तेवढा असतो का? आणि हा हिशेब मात्रेचा अंदाज देतो, सुरक्षिततेची हमी देत नाही.

तुमच्या प्रकल्पात प्राणी नकोतच. प्राणी-नीतिमत्ता समितीची मंजुरी लागते आणि हात तयार असावा लागतो. अंड्याच्या पांढऱ्यातलं प्रथिन गोठण्याची चाचणी कॉलेजात करता येईल, पण ती सूज उतरवण्याच्या गुणाची फार कच्ची खूण आहे, अहवालात तसंच लिहा. मला विचाराल तर शेकाचीच नोंद घ्या, कारण तिथे खरा प्रश्न अजून उभा आहे: गुण पाल्याचा की उष्णतेचा? नुसत्या गरम फडक्याशी तुलना केल्याशिवाय ते कळायचं नाही. माणसांवर अशी तुलना करायची तर तिलाही परवानगी लागते, आधी मार्गदर्शकांशी बोला.

तोवर फुलासकट फांदी दाबून वाळवा, वनस्पतीशास्त्राच्या सरांकडून ओळख पक्की करून घ्या, तोडल्याची तारीख आणि जागा लिहा. आणि आजी एका शेकाला ओंजळभर पाला घेतात ना, तो काट्यावर ठेवून त्याचं वजन वहीत टिपून ठेवा.