चिंगीचं ऑपरेशन निघण्याआधी करून घ्या

ताई, नमस्कार. श्टुटगार्टजवळच्या इस्पितळात तुमचं नर्सचं काम पक्कं झालं, जुलैत रुजू व्हायचंय आणि दापोलीची दीड वर्षाची गावठी कुत्री चिंगी सोबत आणायचीय, हे वाचून फार बरं वाटलं. तुमचा प्रश्न असा की तिची नसबंदी तिकडे कोकणातच करावी की इथे जर्मनीत आल्यावर. रत्नागिरीत ९ हजार सांगितले, कोल्हापूरला १२ हजार, आणि घरातले म्हणतात की जर्मनीत सगळं सरकारी, फुकटात होईल.

फुकटात होत नाही. मी देवगडची, आता श्टुटगार्टजवळच्या लुडविग्सबुर्गला राहते. थोरली कुत्री देवगडहून आणली, तिचं ऑपरेशन तिकडेच झालं होतं. धाकटी इथलीच, तिचं इथे केलं. दोन्हीकडचा खर्च मी स्वतः भरलाय, म्हणून सांगते: तिकडेच करा.

आधी पैशांचं. धाकटीचं बिल ६०० युरोंच्या वर गेलं. युरो ढोबळ मानाने १०० रुपये धरा, म्हणजे ६० हजार. मादीसाठी ४०० ते ८०० युरो हा इथे नेहमीचा पल्ला आहे, नराला साधारण निम्मे. बिलात एकच आकडा नसतो. तपासणी वेगळी, शिरेत सुई लावणं वेगळं, भूल वेगळी, भुलेत असताना नाडी-श्वासावर लक्ष ठेवणं वेगळं, मग ऑपरेशन, धागा, वेदनाशामक, गळ्यातला प्लास्टिकचा कॉलर आणि सगळ्याच्या खाली १९ टक्के कर. पशुवैद्यांसाठी इथे सरकारी दरपत्रक आहे, २२ नोव्हेंबर २०२२ पासून ते नव्याने लागू झालं. त्यातल्या दराच्या एकपट ते तिप्पट डॉक्टर केस बघून लावतात. एकपटीच्या खाली उतरायची त्यांना सहसा मुभाच नाही, त्यामुळे "डॉक्टर, थोडं कमी करा" हे इथे चालत नाही. कुत्र्यांचा ऑपरेशनचा विमा मिळतो, पण आजार नसताना केलेली नसबंदी त्यात बहुतेक वेळा बसत नाही.

पैशांपेक्षाही एक गोष्ट तुम्हाला आधी माहीत हवी. आपल्याकडे डॉक्टर स्वतःच म्हणतात, करून टाका. इथे डॉक्टर विचारतात, कशासाठी करायचंय? प्राणी संरक्षण कायद्याच्या सहाव्या कलमानुसार प्राण्याचा अवयव काढायला मनाई आहे. वैद्यकीय कारण किंवा अनिर्बंध पैदास रोखणं असे अपवाद आहेत, पण दारं-खिडक्या बंद असलेल्या फ्लॅटमधल्या, पट्ट्यावर फिरणाऱ्या कुत्रीला तो अपवाद लागू आहे का, हे प्रत्येक डॉक्टर आपल्या परीने ठरवतो. नरांना तर बरेच जण आधी सहा किंवा बारा महिने चालणारं हार्मोनचं इंजेक्शन, कातडीखाली बसवायची छोटी कांडी, सुचवतात. त्यांचं म्हणणं मला पटतं, हे मोकळेपणाने सांगते. पण चिंगी दापोलीत आहे, दिवसभर खळ्यात आणि वाडीत मोकळी फिरते. तिच्यासाठी कारण तिथे उघड आहे.

मादीत आणखी एक भीती असते, गर्भपिशवीत पू होण्याची. माज येऊन गेल्यावर काही आठवड्यांत कुत्री खूप पाणी प्यायला लागते, मलूल होते, आणि रात्री-बेरात्री तातडीने पिशवी काढावी लागते. इथे रात्रीच्या किंवा रविवारच्या तातडीच्या सेवेला दर दुप्पट ते चौपट लागतो, वर ५० युरो सेवाशुल्क आणि कर. सगळं मिळून दीड-दोन हजार युरोंचं काम होतं. नव्या नोकरीच्या पहिल्या महिन्यांत हे झेपायचं नाही.

आता वेळेचं गणित, ज्यात बहुतेकांची गाडी अडते. युरोपीय संघाच्या नियमानुसार भारतातून येणाऱ्या कुत्र्याला आधी मायक्रोचिप आणि मगच रेबीजची लस. चिप बसवण्याआधी दिलेली लस धरत नाहीत, मग ती शिबिरातली असो की खासगी डॉक्टरची. लशीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त घेऊन संघाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेत प्रतिपिंडं मोजायची, ती मिलिलिटरला ०.५ युनिट किंवा जास्त हवीत. आणि रक्त घेतल्याच्या दिवसापासून तीन महिने थांबायचं. म्हणजे चार महिने काही केल्या लागतातच, आणि ऑपरेशनला याच काळात जागा आहे.

चिंगी गणपतीत माजावर आली होती म्हणता. माजानंतर दोन-तीन महिने गेलेले बरे, रक्तस्राव कमी होतो. पुढचा माज साधारण सहा महिन्यांनी, म्हणजे शिमग्याच्या आसपास. मग डिसेंबरच्या सुरुवातीला चिप आणि लस, दोनेक आठवड्यांनी ऑपरेशन, टाके निघाले की जानेवारीच्या मध्यापुढे रेबीजचं रक्त. एप्रिलच्या उत्तरार्धात ती प्रवासाला मोकळी, जुलैपर्यंत हाताशी भरपूर वेळ. हवाही कोरडी. पावसाळ्यात मात्र अजिबात नको, आपल्याकडच्या ओलीत टाक्यांची जागा सुकत नाही.

ऑपरेशनआधी रक्ततपासणी करा, डॉक्टर "गरज नाही" म्हणाले तरी करा. कोकणातल्या मोकळ्या कुत्र्याला गोचीड हे ठरलेलं. कानाच्या आतल्या घडीत आणि पायाच्या बोटांच्या बेचक्यात बोट घालून बघा, तिथे मसुराएवढे राखाडी दाणे लागतील. गोचीड तापात प्लेटलेट घसरतात, कुत्री वरून ठणठणीत दिसते आणि टेबलावर रक्त थांबत नाही. आमच्या थोरलीच्या प्लेटलेट कमी आल्या होत्या. डॉक्टरांनी औषधं देऊन ऑपरेशन पुढे ढकललं, म्हणून ती वाचली असं मी मानते. इथे आल्यावरही पहिल्याच भेटीत डॉक्टर गोचीड आणि डासांपासून होणाऱ्या आजारांसाठी रक्त तपासायला सांगतील, तेव्हा तिकडचे रिपोर्ट जपून ठेवा.

रत्नागिरी की कोल्हापूर? ३ हजारांच्या फरकाने ठरवू नका. भूल वायूची की नुसत्या इंजेक्शनची, भुलेत असताना कुणी बाजूला बसतं का, रात्री फोन उचलणारं कुणी आहे का, हे दोन्हीकडे विचारा. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातले डॉक्टर गाई-म्हशींत मुरलेले असतात, त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण तिथे वायूची भूल सहसा नसते. दोन्हीकडची उत्तरं सारखी आली तर रत्नागिरीच बरी. टाके असलेल्या कुत्रीला आंबा घाटातून हेलकावे खात आणण्यापेक्षा ते सोपं.

तुम्ही विचारलं नाहीत, पण एक सांगायलाच हवं. "मी आधी जाते, आई दिवाळीनंतर चिंगीला पाठवेल" असा विचार असेल तर थांबा. तुमच्या प्रवासाच्या आगेमागे पाच दिवसांत ती आली तरच ती घरचा पाळीव प्राणी म्हणून येते. उशिरा आली तर व्यापारी वाहतुकीचे नियम लागतात, खर्च आणि कागद दोन्ही वाढतात. घर लागायला वेळ असेल तर आधी एकट्या या आणि सुट्टीत जाऊन तिला स्वतः घेऊन या. मला हाच मार्ग तुमच्यासाठी योग्य वाटतो, कारण इस्पितळाच्या वसतिगृहात कुत्र्याला बहुधा परवानगी मिळणार नाही. भाड्याचं घर घेतानाही कुत्रीचं मालकाला आधीच सांगून लेखी होकार घ्या. घर लागलं की नगरपालिकेत तिची नोंद करून वार्षिक कर भरायचा, तो गावागणिक वेगळा, बर्लिनमध्ये पहिल्या कुत्र्याला १२० युरो आहे.

वजन लिहिलं नाहीत. लुफ्तान्साच्या विमानात केबिनमध्ये कुत्रं आणि त्याला न्यायची पिशवी मिळून ८ किलोच चालतं, चिंगी त्यापेक्षा नक्की जड असेल, म्हणजे ती पिंजऱ्यात, विमानाच्या पोटातून येईल. तिचा पिंजरा आत्ताच आणून पडवीत उघडा ठेवा आणि जेवण त्यातच द्या. ऑपरेशननंतरचे दहा-बारा दिवस तिला उड्या मारू द्यायच्या नसतात, तेव्हाही तो उपयोगी पडेल.