इंग्रजीत ‘एस-एन’ने सुरू होणारे इतके शब्द नाकाशी संबंधित का असतात?
हा निव्वळ योगायोग नाही, पण नियमही नाही. स्नीझ म्हणजे शिंकणे, स्निफ हुंगणे, स्नोर घोरणे, स्नॉट शेंबूड, स्नफ तपकीर, स्नाउट म्हणजे डुकराचं असतं तसं पुढे आलेलं नाक-तोंड. यातल्या बऱ्याच शब्दांत नाकातून येणाऱ्या आवाजाची नक्कल आहे, आणि एकदा असा गट जमला की इतर शब्दही तिकडे ओढले जातात. स्नीझचंच बघा: जुन्या इंग्रजीत हे क्रियापद ‘एफ-एन’ने सुरू व्हायचं, ‘फ्नेओसान’ असं काहीसं. पुढे शब्दारंभीची ‘फ्न’ ही जोडी भाषेतून गेली आणि शिंक ‘स्न’च्या कंपूत येऊन बसली. जर्मनमधून आलेल्या स्नॉर्कलचं, म्हणजे पाण्याखाली श्वास घ्यायच्या नळीचं, नातंही घोरण्याशीच आहे! अशा अर्थसूचक ध्वनिगटाला फोनेस्थीम म्हणतात. ही संज्ञा भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९३० मध्ये वापरली. शब्दांचा इतिहास कुठल्याही चांगल्या इंग्रजी व्युत्पत्तिकोशात पडताळता येईल. मात्र यावरून अनोळखी शब्दाचा अर्थ ठोकून देऊ नका. स्नो, स्नॅक यांचा नाकाशी संबंध नाही; स्नेक आणि स्नेल तर सरपटण्याच्या मुळातून आलेत.